'ब्लॉक' : एक शब्द की अनेक? मुंबईच्या मराठीतील एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

मराठीने इंग्रजीकडून घेतलेल्या शब्दांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे. पहिले अंग शुद्धाशुद्धतेचे. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ आणि तिचे समर्थन करणारे माधव ज्यूलियन यांचे लेखन ही त्याची ठळक उदाहरणे होत. दुसरे अंग वर्गीकरणाचे. कोणत्या व्यवहारक्षेत्रात कोणते शब्द आले, त्यांच्या उच्चारात व लेखनात काय बदल झाले, याच्या याद्या अनेक प्रबंधांतून आढळतात. शब्द आल्यानंतर त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न मात्र या दोन्ही अंगांमध्ये मागे राहतो. विशेषतः मूळ भाषेत अनेकार्थी असलेला शब्द मराठीत येतो तेव्हा तो आपले सर्व अर्थ घेऊन येतो काय, आणि येत नसेल तर मराठीत जे येते त्याला एक शब्द म्हणावे की अनेक, हा प्रश्न कोशकाराला, अध्यापकाला आणि साहित्याच्या वाचकालाही टाळता येण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखात 'ब्लॉक' या एका शब्दाच्या आधारे, आणि मुख्यतः गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील मराठीच्या संदर्भात, या प्रश्नाचा विचार केला आहे.

पुढील पाच वाक्ये पाहावीत. 'काकांनी दादरला ब्लॉक घेतला.' 'रविवारी रेल्वेने ब्लॉक घेतला.' 'मुखपृष्ठाच्या चित्राचा ब्लॉक करून घेतला.' 'त्यांच्या हृदयात दोन ब्लॉक निघाले.' 'तिने त्याचा नंबर ब्लॉक केला.' पाचही वाक्ये मुंबईच्या मराठी भाषकाला विनासायास कळतात. तिसरे वाक्य तरुण वाचकाला कदाचित अडेल. त्याचे कारण पुढे येईलच. या पाच वाक्यांत आलेला 'ब्लॉक' एकच आहे काय?

१. दातृभाषेतील चित्र

इंग्रजीपुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मध्ययुगीन डच भाषेत झाडाच्या ओंडक्याला वापरला जाणारा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ओंडका, ठोकळा, घन आकाराचा तुकडा हा त्याचा गाभा. ठोकळ्यावर चित्र कोरले की तो छापण्याचा ठसा होतो. ठोकळा वाटेत टाकला की अडथळा होतो. अनेक घरे एकत्र, एकसंध उभी राहिली की त्या इमारतीला किंवा चार रस्त्यांमधील इमारतींच्या समूहाला ठोकळ्याचे नाव मिळते. रुळांचा एक तुकडा वेगळा करून तो एका वेळी एकाच गाडीसाठी राखला की त्यालाही तेच नाव. अर्थ पुष्कळ असले तरी त्यांचे धागे गाभ्याशी बांधलेले राहतात, आणि सुशिक्षित इंग्रजी भाषकाला ते थोडेफार जाणवतातही. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाभ्यासकाने १८९७ साली ज्याला अनेकार्थता म्हटले, तिचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

मराठीत हा गाभाच आला नाही, ही या विवेचनातील पहिली महत्त्वाची गोष्ट. ओंडका, ठोकळा, ठसा, गट हे शब्द मराठीत आधीपासून होते. लाकडाच्या तुकड्याला 'ब्लॉक' म्हणण्याची गरज मराठी भाषकाला पडली नाही. अमेरिकन इंग्रजीत सर्रास आढळणारा, दोन चौकांमधील अंतराचा अर्थही मुंबईच्या मराठीने घेतला नाही. गिरगावात पत्ता सांगायचा तो वाडीने, लालबाग-परळला नाक्याने आणि गल्लीने. 'दोन गल्ल्या सोडून तिसरी' असे सांगता येत असताना तो अर्थ उसना घेण्याचे कारणच नव्हते. भाषा उसनवारी करते ती गरजेपुरती, आणि गरज अर्थाची असते. संपूर्ण शब्द, त्याच्या सर्व अर्थांसह, कोणी उचलून आणत नाही.

२. शब्दाची निरनिराळी आगमने

भाषासंपर्काच्या आधुनिक अभ्यासाचा पाया आयनार हाउगेन (१९५०) आणि उरिएल वाइनराइख (१९५३) यांनी घातला. शब्द घेणारे भाषक कोण आणि ते कोणत्या व्यवहारात द्विभाषिक आहेत, हे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळाली. त्या दृष्टीने पाहिले असता 'ब्लॉक' मराठीत एकदाच आला नसून निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांच्या तोंडून आला, असे दिसते.

एक आगमन छापखान्यातून झाले. गिरगाव हे मराठी मुद्रणाचे माहेरघर. जावजी दादाजींचे 'निर्णयसागर' इथले, खटाववाडीतील 'मौज'ही इथलेच. खिळे जुळवून केलेल्या छपाईत चित्र छापावयाचे तर त्याचा जस्ताच्या पत्र्यावर ठसा उतरवून, तो लाकडावर बसवून, खिळ्यांच्या उंचीला आणावा लागे. हा ठसा म्हणजे ब्लॉक. रेघांच्या चित्राचा 'लाइन ब्लॉक', छायाचित्राचा 'हाफटोन ब्लॉक', ते तयार करणारा 'ब्लॉकमेकर'. जुन्या मासिकांत 'ब्लॉक अमुक यांच्या सौजन्याने' अशी ओळ आढळते, ती एका प्रकाशकाने दुसऱ्याला वापरावयास दिलेल्या अशा ठशाविषयीची असते. ऑफसेट छपाई रूढ झाल्यावर वस्तू गेली आणि तिच्यामागोमाग हा अर्थही गेला. आज नियतकालिकांच्या इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही ओळ समजावून सांगावी लागते.

दुसरे आगमन रेल्वेतून. स्थानकांमधील मार्गाचे खंड पाडून एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडावयाची, पुढून मार्ग मोकळा असल्याचा संदेश आल्याविना दुसरी सोडावयाची नाही, या व्यवस्थेला रेल्वेच्या भाषेत 'ब्लॉक सिस्टीम' म्हणतात. रेल्वे कर्मचाऱ्याला हा शब्द सुरक्षिततेचा वाटतो. प्रवाशापर्यंत तो पोहोचला तो दुसऱ्या अर्थाने. दुरुस्तीसाठी ठरावीक वेळ वाहतूक बंद ठेवणे म्हणजे ब्लॉक, रविवारचा 'मेगाब्लॉक', पश्चिम रेल्वेचा 'जम्बोब्लॉक'. कर्नाक पूल पाडण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला, तर फलाटांच्या विस्तारासाठी मे-जून २०२४ मध्ये ६३ तासांचा. प्रवाशाच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ एवढाच, की गाडी नाही.

तिसरे आगमन राज्यकारभारातून. सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, तेव्हा खेड्यांच्या समूहाला इंग्रजीत हा शब्द योजला गेला. येथे मराठीने वेगळा मार्ग स्वीकारला. शासकीय मराठीने शब्द न घेता त्याचा अर्थ घेतला आणि 'गट विकास अधिकारी' हे पदनाम घडवले. हाउगेनच्या परिभाषेत ही आयात नसून पर्याययोजना होय. लोकांच्या तोंडी मात्र 'बीडीओ' हे आद्याक्षरी रूप राहिले. मुळातला 'ब्लॉक' त्यात इतका विरून गेला आहे, की तो उच्चारणाऱ्याला बहुधा जाणवतही नाही. याच सुमारास परिचित असलेले दुसरे नाव म्हणजे 'फॉरवर्ड ब्लॉक'. सुभाषबाबूंनी १९३९ मध्ये स्थापलेल्या या गटाचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईतच भरले होते. राजकीय गटाच्या अर्थी इंग्रजीत हा शब्द निराळ्या वर्णलेखनाने लिहिला जातो. देवनागरीत तो भेद मावळतो. इंग्रजीने डोळ्यांपुरते वेगळे ठेवलेले दोन शब्द मराठीत एकरूप झाले.

चौथे आगमन घराचे. ते सर्वांत अर्थपूर्ण असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

३. 'ब्लॉक' आणि 'बिऱ्हाड'

इंग्रजीत हा शब्द घरांच्या संदर्भात संपूर्ण इमारतीला लावतात. तीतील एका कुटुंबाच्या स्वतंत्र जागेला इंग्रजीत निराळे नाव आहे, आणि ते 'फ्लॅट' म्हणून मराठीतही आले आहे. मुंबईच्या मराठीत मात्र 'ब्लॉक' म्हणजे त्या इमारतीतील एक जागा. 'आमच्या इमारतीत सोळा ब्लॉक आहेत' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेल्यास निराळाच अर्थ होईल. पूर्णवाचक शब्दाचा अंशवाचक झाला. पारंपरिक परिभाषेत हा अर्थसंकोच. परंतु एवढे म्हणून भागत नाही. संकोच कशामुळे झाला, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी या शब्दाच्या शेजारचे शब्द पाहावे लागतात. गिरगावच्या वाड्यांतील आणि लालबाग-परळच्या चाळींतील घराला नाव होते 'खोली'. खोली हा घराचा भाग नव्हता, खोली हेच घर होते. तीत राहणाऱ्या कुटुंबाचे नाव 'बिऱ्हाड'. चाळीची मोजदाद बिऱ्हाडांनी होई. 'चाळीत चाळीस बिऱ्हाडे' म्हटले की जागेची आणि माणसांची गणती एकदमच झाली. नळ, संडास, जिना आणि गॅलरी सामाईक. कुटुंबाच्या मालकीच्या म्हणता येतील अशा चार भिंती, पण दार दिवसभर उघडे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बी.डी.डी. चाळींतील घर म्हणजे सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तिच्या योजनांतून पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि नंतर शिवाजी पार्कचा परिसर यांतून पांढरपेशा वर्गासाठी नव्या प्रकारचे घर आले. निखिल राव यांनी दादर-माटुंगा भागातील सदनिकांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (२०१३) या घराच्या 'स्वयंपूर्ण'तेला, विशेषतः संडास घराच्या आत येण्याला, मोठे महत्त्व दिले आहे. भाषेच्या अंगाने पाहता हे निरीक्षण फार उपयोगी आहे. खोलीहून मोठी जागा म्हणजे ब्लॉक असे समीकरण मराठीत नव्हते. दोन खोल्या शेजारी असल्या तर ती 'डबल खोली' होई, ब्लॉक होत नसे. ब्लॉक होण्यासाठी नळ, न्हाणी आणि संडास यांसह सर्व काही एकाच दाराच्या आत असावे लागे. जाहिरातींतील 'सेल्फकन्टेन्ड ब्लॉक' ही द्विरुक्ती होती खरी, पण अर्थाचा नेमका कणा तीच उघड करते. पुढे 'ब्लॉक सिस्टीम' हा शब्दप्रयोगही घरांसाठी रूढ झाला. रेल्वेतील त्याच शब्दप्रयोगाशी त्याचा व्युत्पत्तीचा संबंध आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु एका खंडात एकच गाडी आणि एका दाराआड एकच कुटुंब, हे साम्य लक्षात राहण्याजोगे आहे.

तेव्हा मराठीतील 'ब्लॉक'चा अर्थ इंग्रजी कोशात सापडणार नाही. तो 'खोली', 'बिऱ्हाड' आणि 'चाळ' यांच्याशी असलेल्या विरोधातून घडला आहे. 'बिऱ्हाड' म्हणताना माणसे मोजली जातात, 'ब्लॉक' म्हणताना दारे. चाळीतील भाषक जेव्हा 'ब्लॉकवाले' म्हणतो, तेव्हा त्यात केवळ पत्ता नसतो. दार लावून घेणारे, गॅलरीत न बसणारे, असा सामाजिक निर्णयही त्यात असतो, आणि त्यामागे तसेच घर आपल्यालाही मिळावे ही इच्छाही असते. सदनिकांच्या मालकीविषयी १९६३ साली झालेल्या कायद्याच्या नावात 'फ्लॅट' हा शब्द आहे. मराठी मध्यमवर्ग मात्र त्यानंतरही दीर्घकाळ 'ओनरशिपचा ब्लॉक'च घेत राहिला. कायद्याचा शब्द बाजूला ठेवून लोकांनी आपला शब्द चालवला, यावरून त्याची रुजवण किती खोल होती हे कळते.

साहित्याच्या वाचनात या अर्थाचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' १९५८ चे. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतील मुंबईच्या कथा-कादंबऱ्यांत एखादे पात्र 'ब्लॉकात राहायला गेले' असे येते, तेव्हा ते केवळ स्थलांतर नसते. नात्यांची घडण बदलल्याची ती सूचना असते. उलट जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकातील गिरणगावच्या कुटुंबाचे विश्व १९८२ च्या संपानंतरही खोलीतच अडकलेले आहे. ब्लॉककडे जाणारी वाट ज्या पगारातून निघाली असती, तो पगारच उरलेला नाही. 'खोली' आणि 'ब्लॉक' हे दोन शब्द एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय या लेखनातील वर्गभानाचा पुरता उलगडा होत नाही.

४. व्याकरणाची साक्ष

हे अर्थ भाषकाच्या मनात वेगळे आहेत, हे केवळ अर्थाच्या जाणिवेवरून सांगणे पुरेसे नाही. व्याकरणाचा पुरावा पाहिला पाहिजे.

पहिला पुरावा सामान्यरूपाचा. घराच्या अर्थी 'ब्लॉकात', 'ब्लॉकाचे भाडे', 'ब्लॉकाला कुलूप' अशी आकारान्त सामान्यरूपे जुन्या पिढीच्या बोलण्यात व लेखनात सहज येतात. शब्द मराठी नामाप्रमाणे चालू लागला, याची ही खूण. रेल्वेच्या अर्थी मात्र 'ब्लॉकमुळे', 'मेगाब्लॉकच्या दिवशी' अशी विकार न होणारी रूपेच प्रायः आढळतात. 'मेगाब्लॉकाच्या' हे अशक्य नाही, पण कानाला खटकते.

दुसरा पुरावा क्रियापदांचा. 'ब्लॉक घेणे' हा एकच प्रयोग घराच्या संदर्भात खरेदी दाखवतो आणि रेल्वेच्या संदर्भात वाहतूक थांबवणे. आता 'रेल्वेने आणि काकांनी रविवारी ब्लॉक घेतला' असे एकच वाक्य करून पाहावे. ते विनोद होतो. एकाच शब्दाच्या जवळच्या अर्थांना एका क्रियापदाखाली आणले तर वाक्य असे कोसळत नाही. तसेच 'करणे'चे. 'चित्राचा ब्लॉक केला' यात 'ब्लॉक' हे कर्म आहे, एक वस्तू तयार झाली आहे. 'नंबर ब्लॉक केला' यात कर्म 'नंबर' आहे आणि 'ब्लॉक करणे' हे संयुक्त क्रियापद आहे. पहिल्यात षष्ठी लागते, दुसऱ्यात लागू शकत नाही. रचनाच भिन्न आहे.

तिसरा पुरावा पर्यायांचा. घराच्या 'ब्लॉक'ला 'सदनिका', छपाईच्या 'ब्लॉक'ला 'ठसा', प्रशासनातील 'ब्लॉक'ला 'गट' आणि रस्त्यावरील 'ब्लॉक'ला 'अडथळा'. यांतील एकही पर्याय दुसऱ्याच्या जागी चालत नाही. इंग्रजीत ज्या गाभ्याने हे अर्थ एकत्र धरले होते, तो मराठीत आलाच नाही. म्हणून ज्याला दातृभाषेत अनेकार्थी शब्द म्हणावयाचे, तो ग्राहक भाषेत समरूप पण स्वतंत्र असा शब्दसमूह होतो.

५. नव्याने घडणारी अनेकार्थता

यावर एक आक्षेप संभवतो. रस्ता ब्लॉक होणे, मेगाब्लॉक, हृदयातील ब्लॉक आणि नंबर ब्लॉक करणे यांत भाषकाला काहीच संबंध जाणवत नाही काय? जाणवतो, आणि तो मान्य केला पाहिजे. 'वाट बंद' हा समान अंश या चौघांत स्पष्ट आहे. विशेष हे, की त्यांची मूळ क्षेत्रे भिन्न असूनही मराठी भाषकाने त्यांना एकत्र आणले आहे. रेल्वेचा शब्द मुळात मार्गखंडाचा होता. प्रवाशाने तो 'बंद'च्या कुटुंबात ओढला. घरातील स्वयंपाक बंद असण्यालाही गमतीने 'आज मेगाब्लॉक' म्हटले जाते, ते यामुळेच. ही इंग्रजीतून आलेली अनेकार्थता नसून मराठीत नव्याने घडलेली आहे.

हृदयाच्या संदर्भात या घडणीचे परिणाम व्यवहारातही दिसतात. वैद्यकशास्त्रात 'हार्ट ब्लॉक' ही संज्ञा हृदयातील विद्युत्संदेशाच्या वहनात येणाऱ्या विकाराला आहे, आणि त्यावर काही वेळा पेसमेकर बसवावा लागतो. रक्तवाहिनी आतून अरुंद होणे किंवा बुजणे हा निराळा विकार, त्यावरील उपाय अँजिओप्लास्टी वा बायपासचे. मराठी भाषक मात्र 'तीन ब्लॉक निघाले', 'नव्वद टक्के ब्लॉक आहे' असे म्हणतो, ते या दुसऱ्या विकाराविषयी. येथे 'ब्लॉक' मोजता येतो, त्याची टक्केवारी सांगता येते. परळच्या रुग्णालयांच्या परिसरात रोज उच्चारला जाणारा हा शब्द रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या बोलण्यात सारखाच ऐकू येतो, पण दोघांच्या मनात त्याचा अर्थ एकच असेल याची खात्री नसते. रुग्णासाठी मराठीत माहितीपत्रक लिहिणाऱ्याने 'ब्लॉक' एवढेच लिहून थांबू नये. 'रक्तवाहिनीतील अडथळा' की 'विद्युत्संदेशातील अडथळा' हे स्पष्ट करावे. अर्थविचार हा केवळ अभ्यासकांच्या चर्चेचा विषय नाही, हे सांगण्यास याहून वेगळे उदाहरण नको.

६. कोश आणि अध्यापन

वरील विवेचनावरून 'ब्लॉक'ची कोशातील नोंद कशी असावी, याविषयी काही सुचवता येते. एका शीर्षशब्दाखाली सर्व अर्थांचे क्रमांक देणे हा इंग्रजी कोशाचा क्रम झाला. मराठी कोशाने तो उचलण्याचे कारण नाही. घर, ठसा, गट आणि 'वाट बंद' अशा चार स्वतंत्र नोंदी कराव्यात. चौथ्या नोंदीखाली मात्र रस्ता, रेल्वे, रक्तवाहिनी आणि दूरध्वनी हे पोटअर्थ क्रमाने यावेत. फरसबंदीच्या 'पेव्हर ब्लॉक'ची नोंद सामासिक शब्द म्हणून वेगळी करावी. योगायोग असा, की मराठीने प्रारंभी नाकारलेला 'ठोकळा' हा मूळ अर्थ याच सामासिक शब्दात उशिरा येऊन पदपथावर बसला आहे. प्रत्येक नोंदीपुढे क्षेत्र आणि काळ यांचा निर्देश असावा. 'ठसा' या अर्थापुढे 'जुना, मुद्रण' असे लिहिणे आता आवश्यक झाले आहे.

घराच्या अर्थापुढेही लवकरच तसे लिहावे लागेल, अशी चिन्हे आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या स्वयंपूर्ण घरात जाणे, हे ज्या स्थित्यंतरासाठी 'ब्लॉक' हा शब्द रुजला नेमके तेच स्थित्यंतर. पण आज त्याच्यासाठी 'सदनिका', 'फ्लॅट' किंवा 'टूबीएचके' असेच शब्द सहजपणे येतात. गिरणगावाला ब्लॉक मिळू लागला, तेव्हा 'ब्लॉक' हा शब्दच मावळतीला लागला होता.

याचा अर्थ असा, की वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला 'ब्लॉक' म्हटल्यावर प्रथम आठवेल तो दूरध्वनीवरचा. १९६०-७० च्या सुमाराच्या एखाद्या कथेत 'त्यांनी ब्लॉक घेतला आणि येणे-जाणे कमी झाले' अशा आशयाचे वाक्य आले, तर त्याला शब्द ओळखीचा वाटेल आणि म्हणूनच तो कोश उघडणार नाही. अपरिचित शब्द वाचकाला थांबवतो. परिचित वाटणारा पण अर्थ पालटलेला शब्द त्याला न थांबवता चुकीच्या वाटेने नेतो. जुन्या मराठी ग्रंथांच्या संपादनात कठीण शब्दांचे कोश जोडण्याची आपली परंपरा आहे. विसाव्या शतकातील मुंबईच्या साहित्यासाठीही असे कोश करावे लागतील, आणि त्यांत खोली, बिऱ्हाड, गॅलरी, पाळी, खाते यांच्या पंक्तीला 'ब्लॉक' हा शब्दही बसवावा लागेल. तो इंग्रजी आहे म्हणून वगळणे योग्य ठरणार नाही. ज्या अर्थाने तो तेथे आला आहे, त्या अर्थाने तो मराठीच आहे.